सायटिका, जुनी कंबरदुखी आणि भोवतालची परिस्थिती : खानदेशातील रुग्णांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील ज्या रुग्णांचे दुखणे काही आठवड्यांत थांबणे अपेक्षित होते, परंतु थांबलेले नाही, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. औषधांची नावे आणि व्यायामांची चित्रे येथे दिलेली नाहीत. ती आपल्या डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्टकडून समजून घ्यावीत. येथे विचार केला आहे तो काम, मजुरी, घर आणि आजूबाजूच्यांचे सल्ले यांचा. दवाखान्यातल्या दहा मिनिटांत त्यांबद्दल क्वचितच बोलले जाते, आणि रुग्ण पुढे किती सावरतो हे मात्र बऱ्याच अंशी त्यांवरच ठरते.

कंबरदुखी आणि सायटिका यांत फरक काय, आणि त्यांचा सामाजिक परिस्थितीशी संबंध कसा येतो?

साधी कंबरदुखी बहुधा कमरेपुरतीच राहते. सायटिकात कमरेच्या मणक्यांतून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब येतो किंवा त्याचा दाह होतो, आणि कळ नितंबातून मांडीच्या मागच्या बाजूने पोटरीपर्यंत, कधी थेट पावलापर्यंत उतरते. सोबत मुंग्या किंवा बधिरपणाही येऊ शकतो. बहुतेक वेळा याचे कारण दोन मणक्यांमधील चकतीचा (बोलीत गादीचा) बाहेर आलेला भाग हे असते. हा भाग पुष्कळदा काही महिन्यांत आपोआप आक्रसतो, ही गोष्ट रुग्णाला फारच कमी वेळा सांगितली जाते.

बहुसंख्य रुग्ण काही आठवड्यांत ते तीन महिन्यांत सावरतात. उरलेल्यांचे दुखणे का रेंगाळते, याचे उत्तर केवळ मणक्याच्या छायाचित्रात सापडत नाही, हे वैद्यकशास्त्राने सावकाश मान्य केले. १९७७ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज एंगेल यांनी आजाराकडे शरीर, मन आणि समाज अशा तिन्ही अंगांनी पाहावे, अशी मांडणी केली. १९८७ मध्ये स्कॉटलंडमधील अस्थिशल्यचिकित्सक गॉर्डन वॉडेल यांनी तीच दृष्टी कंबरदुखीला लावली. १९९७ मध्ये न्यूझीलंडने दुखणे लांबवू शकणाऱ्या मानसिक व सामाजिक बाबी पहिल्या काही आठवड्यांतच कशा ओळखाव्यात, याची मार्गदर्शिका काढली. हालचालीची भीती, खचलेले मन, कामावरील असमाधान आणि घरच्यांची वागणूक या बाबी तेव्हापासून जगभर तपासल्या जातात.

खानदेशात यात एका गोष्टीची भर घालावी लागते. येथील बहुतेक कष्टकऱ्यांपुढे दोनच पर्याय असतात : पूर्ण काम किंवा पूर्ण अंथरूण. कंबर सावरते ती या दोहोंमधल्या टप्प्यात, म्हणजे थोडे काम, मग थोडे अधिक, अशा क्रमाने. हा मधला टप्पा उपलब्ध करून देणे डॉक्टरांच्या हातात नसते. तो मुकादम, शेतमालक, पर्यवेक्षक, सासू आणि नवरा यांच्या हातात असतो. पुढील बहुतेक उत्तरे याच एका अडचणीभोवती फिरतात.

म्हणजे दुखणे मनाचे आहे, असे तुम्हाला म्हणायचे आहे का?

नाही. कळ खरी असते आणि ती शरीरातच उमटते. मात्र ती किती तीव्र उमटावी हे मज्जासंस्था ठरवते, आणि अपुरी झोप, सततची धास्ती, कर्जाचा तगादा व हालचालीची भीती यांमुळे ती मज्जासंस्था अधिक संवेदनशील होते. शिवाय घाबरलेला माणूस कंबर आखडून चालतो, वाकणे टाळतो आणि काही आठवड्यांत त्याच्या स्नायूंची ताकद खरोखरच घटते.

याची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. ज्याला घरात किंवा कामावर ‘नाटक करतो’ असे ऐकावे लागते, त्याला आपले दुखणे रोज सिद्ध करावे लागते, आणि दुखणे सिद्ध करण्याचा उपाय एकच असतो, तो म्हणजे कमी हालचाल करून दाखवणे. अविश्वासाने रुग्ण लवकर कामाला लागतो, हा समज आमच्या मते साफ चुकीचा आहे.

कोणती लक्षणे असतील तर हा सगळा विचार बाजूला ठेवून तातडीने रुग्णालयात जावे?

लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, लघवी अडकणे, जांघेत व गुदद्वाराभोवती बधिरपणा येणे, पाय किंवा पाऊल दिवसेंदिवस लुळे पडत जाणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे. तेथे उशीर झाल्यास हानी कायमची राहू शकते. कंबरदुखीसोबत ताप, रात्री घाम, वजनात घट, पूर्वी झालेला कर्करोग किंवा मोठा अपघात असल्यास तपासणी लांबवू नये. आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग अजूनही आढळतो, आणि ‘हे मजुरीचे दुखणे आहे’ असे म्हणून त्याकडे दुर्लक्ष होते. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात.

एमआरआयमध्ये ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आहे’ असे आले आहे. आता जड काम कायमचे बंद करावे लागेल का?

केवळ त्या अहवालावरून असा निर्णय घेऊ नये. कोणताही त्रास नसलेल्या ३,११० व्यक्तींच्या मणक्यांच्या तपासण्यांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कंबर मुळीच न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांपैकी ३७ टक्क्यांच्या, पन्नाशीतल्यांपैकी ८० टक्क्यांच्या आणि ऐंशीच्या घरातल्यांपैकी ९६ टक्क्यांच्या चकत्यांत झीज आढळली. म्हणजे अहवालात लिहिलेल्या अनेक गोष्टी वयाप्रमाणे येणाऱ्या असतात. अहवाल, लक्षणे आणि प्रत्यक्ष तपासणी या तिन्हींचा मेळ बसतो का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.

अहवालाचा सामाजिक परिणाम मात्र तपासणीच्या खर्चाहून मोठा ठरतो. ‘याच्या मणक्यात गॅप आहे’ ही बातमी गावात पसरली, की केळीच्या गाडीवर भराईसाठी त्याला बोलावणे बंद होते, सालदार (वर्षभराच्या कराराचा शेतगडी) म्हणून कोणी ठेवत नाही, आणि तो स्वतःही खाली पडलेली वस्तू उचलण्यासाठी मुलाला हाक मारू लागतो. लग्नाच्या वयाच्या मुलीच्या बाबतीत तर घरचे अहवालच लपवतात. मग तिला फिजिओथेरपीलाही नेले जात नाही, कारण दवाखान्याच्या पायरीवर कोणी ओळखीचे भेटेल. एका कागदामुळे एवढे घडणार असेल, तर तो कागद खरोखर आवश्यक आहे का, हे आधी विचारणे योग्य. धोक्याची लक्षणे नसतील आणि शस्त्रक्रियेचा विचार नसेल, तर पहिल्या काही आठवड्यांत एमआरआयची गरज सहसा नसते.

किती दिवस अंथरुणावर पडून राहावे?

शक्य तितके कमी. तीव्र कळ असेल तर एखाद-दोन दिवस. फिनलंडमधील हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अंथरुणावर पडून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तितके नेहमीचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर सावरले. सायटिकाच्या रुग्णांवरील नेदरलँड्समधील १९९९ च्या अभ्यासात दोन आठवडे झोपून राहिलेले आणि न राहिलेले अशा दोन्ही गटांतील ८७ टक्के रुग्णांना बाराव्या आठवड्यापर्यंत आराम पडला होता. झोपून राहण्याने काहीच अधिक मिळाले नाही.

आमचे पोट रोजच्या मजुरीवर आहे. हलके काम मागितले तर कामच मिळत नाही. मग आम्ही करायचे काय?

हा प्रश्न सर्वांत अवघड आहे, आणि त्याचे उत्तर केवळ रुग्णाने द्यावे अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

प्रथम कामाचे स्वरूप पाहावे. रावेर-यावल पट्ट्यात केळी कापणीच्या वेळी वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर किंवा डोक्यावर घेऊन बागेच्या ओल्या वाफ्यांतून रस्त्यापर्यंत वाहावा लागतो. कापूस वेचणीत स्त्रिया पोटाशी बांधलेली ओटी भरत तासन्तास कमरेत वाकून असतात, आणि मजुरी किलोवर असल्याने पाठ सरळ करण्यासाठी घेतलेली प्रत्येक उसंत पैशांत मोजली जाते. नंदुरबारच्या मिरची पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मैदानावर, दिवसभर एकाच बैठकीत खुडणी चालते. ऊसतोडीसाठी गुजरातेत आणि पश्चिम महाराष्ट्रात जाणाऱ्या जोडप्यांची अडचण याहून मोठी : नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि दोघांपैकी एकाने काम थांबवले की खाडा पडून कर्ज वाढते. अशा माणसाला ‘तीन आठवडे विश्रांती’ असे लिहून देणे म्हणजे त्याच्या हाती निरुपयोगी कागद देणे आहे. तो चौथ्या दिवशी गोळी घेऊन फडात उतरतो, दुखणे वाढल्यावर कोसळतो, पुन्हा पडून राहतो. आणि अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर ‘काम केले की दुखते’ ही समजूत पक्की होते.

या परिस्थितीत उपयोगी ठरते ती कामाची वाटणी. टोळीत सगळेच काम सारखे नसते. केळीच्या पॅकिंगमध्ये घडापासून फण्या वेगळ्या करणे, त्या धुणे आणि खोक्यांत भरणे ही कामे घड वाहण्यापेक्षा हलकी असतात; उंच टेबलाशी उभे राहून ती करता आली तर आणखी बरे. वेचणीत ओटी पूर्ण भरेपर्यंत न थांबता ती अर्धी झाल्यावर रिकामी करता येते, आणि दोन सऱ्या झाल्यावर मिनिटभर उभे राहता येते. ऊसतोडीत मोळी डोक्यावर घेऊन शिडीने गाडीवर चढवण्याचे काम काही आठवडे टोळीतल्या दुसऱ्या माणसाकडे देऊन त्याच्या वाट्याची तोडणी आपण करावी, अशी देवाणघेवाण टोळीच्या आतच ठरू शकते. हे काम थांबवण्याच्या आधी बोलावे. आठ दिवस न सांगता गैरहजर राहून नंतर मागितलेली सवलत मुकादमाला टाळाटाळ वाटते.

डॉक्टरांकडून चिठ्ठी घेताना ‘विश्रांती’ या शब्दाऐवजी काय करता येईल ते लिहून घ्यावे : अमुक किलोपर्यंत उचलू शकतो, दर अर्ध्या तासाने उभे राहण्याची मोकळीक हवी, पहिले दोन आठवडे अर्धा दिवस. अशी चिठ्ठी वाचणाऱ्याला तिचे काय करायचे ते कळते.

सालदाराच्या बाबतीत करार वर्षाचा असतो आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास तो नव्याने ठरतो. दुखणे त्या आधीच्या महिन्यांत उद्भवले तर माणूस ते अंगावर काढतो, कारण साल सुटण्याची भीती असते. त्यातच शेतीची वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी भरण्यासाठी रात्रभर जागावे लागते. अपुरी झोप दुखणे वाढवते, हे वर आलेच आहे. म्हणून शेतमालकाला एकच सवलत मागायची असेल, तर अनेकदा वजनाच्या सवलतीपेक्षा रात्रीच्या पाळीतून काही आठवडे सुटका मागणे अधिक हिताचे ठरते.

स्वतःच्या शेतीत राबणाऱ्याला मालक नसतो, पण पेरणी थांबत नाही. तेथे भाऊबंदांशी कामाची अदलाबदल करावी आणि जड कामाच्या मोबदल्यात बसून करण्याचे काम द्यावे. यात कमीपणा वाटतो, विशेषतः तरुण पुरुषांना. परंतु वाटणी झालेल्या भावांमध्ये बोलणे बंद असेल तर कंबर बरी होण्याचा काळ लांबतो, हे ऐकायला विचित्र वाटले तरी खरे आहे.

कारखान्यात किंवा कार्यालयात नोकरी करणाऱ्यांची स्थिती बरी असते का?

हक्कांच्या दृष्टीने निश्चितच. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील चटई, पाइप आणि डाळ उद्योगांत काम करणाऱ्या ज्या कामगारांना कर्मचारी राज्य विमा योजना लागू आहे, त्यांना आजारपणात ठरावीक अटींवर वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत सरासरी मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळू शकतो. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेले कामगार या योजनेत येतात. ठेकेदारामार्फत लागलेल्या कामगाराने आपले नाव आणि विमा क्रमांक खरोखर नोंदवलेला आहे का, हे दुखण्याआधी पाहून ठेवावे. शेतमजुराला यातले काहीच मिळत नाही.

पण भत्ता मिळाला म्हणून कंबर सुधारतेच असे नाही. अमेरिकेतील बोइंग विमान कंपनीच्या ३,०२० कर्मचाऱ्यांच्या अभ्यासात, जो १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला, आपल्या कामात जवळजवळ कधीच समाधान न वाटणाऱ्यांनी पाठीच्या दुखापतीची तक्रार जवळजवळ नेहमी समाधान वाटणाऱ्यांपेक्षा अडीच पट अधिक प्रमाणात केली. त्यावरून ते खोटे बोलत होते असा अर्थ काढू नये. ज्याला कामावर कोणी विचारत नाही, त्याच्यापुढे परत जाण्याची ओढ लावणारे काहीच नसते. रजेच्या काळात पर्यवेक्षकाने चौकशीचा एक फोन केला, आणि परत येण्याची तारीख व पहिल्या आठवड्याचे काम आधी ठरवले, तर परतणे पुष्कळ सोपे होते. रजा जितकी लांबते तितके परतणे कठीण होते. म्हणून पूर्ण बरे होण्याची वाट न पाहता हलक्या कामावर लवकर रुजू व्हावे.

एसटीचे चालक, भुसावळसारख्या ठिकाणी पाळ्यांत राबणारे रेल्वे कर्मचारी आणि दिवसभर दुचाकीवर फिरणारे विक्रेते यांच्यासाठी दीर्घ बैठक, हादरे आणि पाळ्यांची झोप या तिन्ही गोष्टी एकत्र येतात. त्यांनी पाळी बदलून घेण्याचा अर्ज लवकर करावा.

घरातील स्त्रीचे दुखणे लांबते, असे का दिसते?

कारण तिला रजा नसते, आणि तिने केलेल्या कामाची गणतीही होत नाही. शेतातून आल्यावर स्वयंपाक, धुणे, जनावरांचा चारा, आणि सातपुड्यातल्या पाड्यांवर तर उतारावरून हंड्यांनी पाणी आणणे, हे सारे चालूच राहते. डॉक्टरांनी ‘काय काम करता?’ असे विचारले की ती ‘काही नाही, घरीच असते’ असे सांगते, आणि तपासणीच्या कागदावर ‘गृहिणी’ एवढेच लिहिले जाते. उपचार मग त्या कागदाला मिळतात.

दुसरे कारण निर्णयाचे आहे. दवाखान्यात कधी जायचे, कोणाबरोबर जायचे आणि फिजिओथेरपीच्या पुढच्या खेपांसाठी बसभाडे द्यायचे की नाही, हे बहुधा दुसरे कोणी ठरवते. पहिली भेट होते. सातत्य राहत नाही. व्यायाम घरी करावा, तर एकत्र कुटुंबात जमिनीवर आडवे पडून पाय उचलण्यासाठी एकांताची जागा आणि वेळ मिळत नाही. म्हणून फिजिओथेरपिस्टकडून उभ्याने, ओट्याला किंवा भिंतीला धरून करता येतील असे व्यायाम मागून घ्यावेत. साडी नेसूनही ते होतात आणि कोणी टोकत नाही. बहुतेक फिजिओथेरपिस्ट आनंदाने बदल करून देतात, पण ही अडचण त्यांना सांगावी लागते.

बाळंतपणानंतर किंवा आखाजीला माहेरी आलेल्या मुलीची कंबर तेथे सुधारते आणि सासरी गेल्यावर पुन्हा धरते, हा अनुभव अनेक घरांत आहे. त्यावरून सासरच्यांनी ‘माहेरी बरी असते, इथेच कशी दुखते’ असा टोमणा मारण्याऐवजी, माहेरी तिची कोणती कामे कमी होती याची यादी करावी. त्या यादीतली दोन कामे सासरी दुसऱ्या कोणी उचलली तरी पुष्कळ फरक पडतो. पाण्याचे भांडे लहान करणे, भाकरी बसून थापण्याऐवजी ओट्यावर उभ्याने थापणे, ओल्या कपड्यांचे पीळ दोघांनी मिळून काढणे, या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना पैसे लागत नाहीत; लागते ती सासूची किंवा नवऱ्याची संमती. त्यामुळे शक्य असल्यास पुढच्या भेटीस त्यांपैकी एकाला सोबत न्यावे आणि डॉक्टरांनी त्यांच्याशी थेट बोलावे.

बचत गटाचा किंवा खासगी वित्तसंस्थेचा हप्ता तिच्या नावावर असेल, तर दुखऱ्या कमरेने मजुरीस जाण्याचे तेच मुख्य कारण असू शकते. हप्त्याची मुदत वाढवून घेणे हाही अशा वेळी उपचाराचा भाग समजावा.

घरचे खूप काळजी घेतात, उठूही देत नाहीत. हे चांगलेच नाही का?

हेतू चांगला असतो; परिणाम नेहमी चांगला नसतो. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की ज्यांचे जोडीदार दुखण्याची फार चिंता वाहतात त्या रुग्णांनी जोडीदार पाहत आहे असे कळल्यावर अधिक वेदना सांगितल्या. ज्यांचे जोडीदार तसे नव्हते त्यांच्यात असे घडले नाही. यात ढोंग नसते. आपल्या प्रत्येक हालचालीवर घरच्यांचा जीव वरखाली होताना दिसला, की हालचाल धोक्याची आहे असे रुग्णालाही वाटू लागते. पाणी हातात आणून देण्यापेक्षा ‘चल, ओट्यापर्यंत जाऊन येऊ’ असे म्हणणारे माणूस अधिक उपयोगी. ‘आज किती दुखते?’ या रोजच्या प्रश्नाऐवजी ‘आज काय काय जमले?’ असे विचारावे.

पायाळू माणसाची लाथ, मणका बसवणारे, कंबरपट्टा आणि गावातले इंजेक्शन यांचा उपयोग होतो का?

उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाय लावून घेण्याची प्रथा जुनी आहे. उसण मुळातच काही दिवसांत ओसरते, त्यामुळे श्रेय त्या पायाला मिळते. हलका स्पर्श असेल तर नुकसान नाही. मात्र पाय लुळा पडत असताना कोणाकडूनही झटका देऊन मणका ‘बसवून’ घेऊ नये. कंबरपट्ट्याने सायटिका बरी होत नाही. ब्रिटनच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत तो न देण्याचेच सुचवले आहे. इंजेक्शनाने दिवस निघतो, पण ते घेऊन दुसऱ्या दिवशी घड वाहायला जाणे हाच वर सांगितलेला कोसळण्याचा मार्ग आहे.

या सल्ल्यांतला खरा अपाय वेगळाच आहे. ‘वाकू नको’, ‘आयुष्यभर जपावे लागेल’, ‘माझ्या साडूचे असेच झाले, शेवटी ऑपरेशन करावे लागले’ ही वाक्ये पारावर, बसमध्ये आणि कधीकधी दवाखान्यातही ऐकू येतात, आणि ती मनात घर करतात. लोकांच्या समजुती बदलता येतात, हे ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दूरचित्रवाणीवर राबवलेल्या मोहिमेतून दिसले. पाठदुखीत हिंडते-फिरते राहा, हा संदेश तेथे सातत्याने दिला गेला; त्यानंतर लोकांच्याच नव्हे तर डॉक्टरांच्या समजुतीही सुधारल्या आणि पाठदुखीच्या भरपाईचे दावे घटले. आपल्याकडे असे काम आशाताई आणि गावातले शिक्षक उत्तम करू शकतील.

अक्कलकुवा-धडगाव भागातून येणाऱ्या रुग्णांना वेगळ्या अडचणी असतात का?

होय, आणि त्यांतली पहिली भाषेची आहे. कळ, मुंग्या, बधिरपणा आणि अशक्तपणा यांतला फरक निदानासाठी महत्त्वाचा असतो. तो पावरी किंवा भिल्ली बोलणाऱ्या रुग्णाकडून शाळकरी मुलाच्या मध्यस्थीने समजून घेणे कठीण जाते, आणि लघवीच्या ताब्याविषयी तर आई मुलासमोर बोलतच नाही. रुग्णालयात ती भाषा येणारी परिचारिका असेल तर तिची मदत आवर्जून मागावी. दुसरी अडचण स्थलांतराची. हंगामात कुटुंब सहा-सहा महिने बाहेर असते आणि उपचाराचा धागा तुटतो. जाण्यापूर्वी औषधांची चिठ्ठी आणि व्यायामाचा कागद यांचे फोटो मोबाइलमध्ये घेऊन ठेवावेत. सुरतेच्या यंत्रमागांवर गेलेल्या खानदेशी कामगारांनीही हेच करावे.

शस्त्रक्रिया करून एकदाचे मोकळे व्हावे का?

सायटिकात शस्त्रक्रियेने पायाची कळ लवकर थांबते, हे खरे. नेदरलँड्समधील २८३ रुग्णांच्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लवकर शस्त्रक्रिया झालेले आणि आधी थांबून पाहिलेले अशा दोन्ही गटांतील सुमारे ९५ टक्के रुग्ण वर्षभरात सावरल्याचे आढळले. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना त्या वर्षात शस्त्रक्रिया करावी लागली. म्हणजे धोक्याची लक्षणे नसतील तर हा निर्णय बराचसा आपल्या परिस्थितीचा असतो : कळ किती काळ सोसवेल, मजुरी किती काळ बुडवता येईल, घरी सांभाळायला कोण आहे.

खर्चासाठी शेत गहाण टाकण्यापूर्वी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी. आपल्या उपचाराचा तीत समावेश आहे का, हे योजनेत सहभागी रुग्णालयातील आरोग्यमित्र सांगतात. योजनेतून उपचाराचा खर्च भागला तरी बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचा दिवस भागत नाही. तो हिशेब आधीच मांडावा, कारण कर्जाच्या दडपणाखाली शस्त्रक्रियेनंतर घाईने जड कामाला लागणारे पुष्कळ असतात. ‘ऑपरेशन झाले, आता वाकायचेच नाही’ असे ठरवून बसणारेही तितकेच नुकसान करून घेतात.

तंबाखू आणि दारू यांचा संबंध आहे का?

बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत कंबरदुखी अधिक आढळते, आणि मणके जोडण्याची शस्त्रक्रिया झाल्यास धूम्रपानाने हाड जुळणे मंदावते. दुखणे विसरण्यासाठी घेतलेल्या दारूने झोप तुटक होते. दोन्ही सवयी सोबतीच्या असतात, म्हणून टोळीतल्या दोघा-तिघांनी मिळून सोडण्याचा प्रयत्न केल्यास तो टिकण्याची शक्यता अधिक.

कामावर इजा झाली आहे. भरपाईचा दावा केल्याने बरे होण्यावर परिणाम होतो का?

दावा हा हक्क आहे आणि तो सोडू नये. दावा चालू असलेल्या रुग्णांची सुधारणा काहीशी कमी दिसते, असे परदेशी अभ्यास सांगतात. याचे एक कारण असे, की दावा निकाली निघेपर्यंत रुग्णाला आपण किती अपंग आहोत हेच दाखवत राहावे लागते. अपघाताची लेखी नोंद त्याच दिवशी करावी, कागद एका जबाबदार नातेवाइकाकडे सोपवावेत, आणि निकालाची वाट न पाहता व्यायाम व चालणे चालू ठेवावे.

दुखणे थांबले होते, पुन्हा उलटले. म्हणजे उपचार फसले का?

नाही. कंबरदुखी पुन्हा होणे हे अपवादाने घडत नाही. एकदा बरे झालेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना वर्षभरात ती पुन्हा जाणवते. ऑस्ट्रेलियात ७०१ प्रौढांवर झालेल्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात टप्प्याटप्प्याने चालणे वाढवणाऱ्या आणि दुखण्याविषयी समजावून घेतलेल्या गटात ते परत येण्यास लागलेल्या काळाचा मध्यक (मधोमध येणारा आकडा) २०८ दिवस होता, तर असे काही न करणाऱ्या गटात ११२ दिवस.

चालण्याला पैसे लागत नाहीत, पण मोकळीक लागते. खेड्यात विनाकारण रस्त्याने चालणाऱ्या बाईकडे लोक पाहतात, म्हणून दोघी-तिघींनी मिळून मंदिरापर्यंत किंवा मळ्यापर्यंतचा फेरा ठरवावा. चैत्र-वैशाखात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा उजाडतानाची वेळ घ्यावी. मजूर माणूस ‘दिवसभर चालतोच की’ असे म्हणतो. त्याने ओझ्याशिवाय, हात मोकळे सोडून दहा मिनिटे चालावे आणि दर आठवड्याला थोडी भर घालावी. दुखणे उलटल्यास एक-दोन दिवस अंतर कमी करावे, काम हलके मागून घ्यावे आणि पुन्हा वाढवावे. आठवड्याभरात चालणे पूर्वपदावर आले नाही, तर फिजिओथेरपिस्टला तेव्हाच भेटावे. हंगाम संपण्याची वाट पाहू नये.